रेकॉर्डींना ऊन

गारखेड्यातल्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीनं मुलाच्या नावानं नंबर लावला होता. मुलगा आलाच नव्हता.

"पण सुलेखा, त्या गाण्याच्या रेकॉर्डी तू गच्चीवर नेल्याच कशाला?"

"कव्हरांना बुरशी धरली होती, बाई. गव्हाला, गाद्यांना दाखवतो तसं ऊन दाखवलं. खाली धुतलेली चादर अंथरली होती."

"मे महिन्यात?"

"तासाभरानं बघते तर पापडावानी वाकल्या. सगळ्या."

"दुसऱ्या मिळतील की."

"नाय मिळत. जुनं जॅझ का काय म्हणतात ते, पुन्हा छापलेलं. मोजून पाचशे काढतात आन् बंद करतात. आकाशनं चार वर्षं एकेक करून जमवल्या होत्या."

"एवढं काय असतं गं त्यात?"

"ट्रम्पेट. त्याचे पप्पा लग्नाच्या बँडमधी वाजवायचे ना, तसं. ते होते तवर त्यांचं वाजवणं कुणी टेपात भरून ठेवलंच नाय. एक रेकॉर्ड लावून म्हणायचा, 'आई, ऐक, इथं पप्पाच श्वास घेतात.'"

"लई चिडला असंल."

"चिडला असता तर बरं होतं. एकेक पुसली, कव्हरात घातली आन् वर माझा मसाल्याचा पाटा ठेवला. दाबून सरळ होतील म्हणून."

"झाल्या?"

"नाय."

"मग उचल की पाटा."

"आठ दिवस झाले, हात लावू देत नाय."

"अगं, मग आठ दिवस वाटण कशावर करतीस?"

"कशाला करू, बाई? खातंय कोण?"