पंचावन्न इंचात आबा

...आणि वर मलाच म्हणत्यात, 'सेटिंगमधी जा की!' अहो, गेलो की! तीन दिवस टीव्हीच्या सेटिंगमधीच ऱ्हायलो मी, जेवायला तेवढा बाहेर यायचो!

तुमाला सांगतो, माझं लग्न अठ्ठ्याण्णव सालचं, कॅसेटवरचं. आबा, म्हंजे माझे वडील, होटगीला रेल्वेत गँगमन. जाऊन अकरा वर्षं झाली. फोटोत बघाल तर श्वास कोंडून उभे. हलते-बोलते आबा उरलेत ते फक्त त्या कॅसेटमधी... पंगतीत बुंदी वाढताना कॅमेरावाल्याला हात करून म्हणत्यात, 'माझं काय घेतोस, नवरीचं घे की!' झालं, एवढंच. आई कवापासनं मागं लागलेली, एकदा दाखव म्हणून. मग स्टुडिओवाल्या गुरुशांतकडनं ते पेनड्राइव्हवर घेतलं, पंचावन्न इंची नव्या टीव्हीला लावलं, आईला खुर्चीत बसवलं, आणि... आबा आले!

आई म्हणाली, "हे कोण पैलवान?"

जुनं चित्र चौकोनी, नवा टीव्ही आडवा, त्यानं आबांना दोन्हीकडनं धरून ताणलंय! रूळ तपासत चालून चालून काटकी झालेला माणूस, आणि गाल बघाल तर भोपळा! बायको आतनं ओरडली, 'सेटिंगमधी जा की!' गेलो. झूम केलं. गाल बसले, पण वरनं फेटा गेला, खालनं बुंदीची बादली गेली... आबा नुसतेच हात हलवत्यात! आई म्हणाली, "डोकं कुटं गेलं रं त्यांचं?"

पळालो गुरुशांतकडं. तो म्हणतो, "अण्णा, काळजी सोडा! पाचशे शहात्तर रेघांचं चित्र हाय, हजार ऐंशीचं करून देतो, एकदम फुल एचडी!" दिलं करून. आबा असे गुळगुळीत, जणू मेणाचे! आईनं पदर तोंडाला लावला. "गालावरचे देवीचे वण कुटं गेले रं?" रेघा वाढवताना मधलं सगळं कॉम्प्युटर आपल्या मनानं भरतंय म्हणं. त्याला आबांचा गाल काय ठाऊक? बघितलाय का त्यानं कधी?

लई वाईट वाटलं हो. शेवटी पहिलीच फाइल परत लावली आणि पुन्हा सेटिंगमधी गेलो... एका कोपऱ्यात 'चार बाय तीन' लिहिलेलं, म्हंजे जुन्या चौकोनी टीव्हीचं माप. दाबलं. दोन्हीकडं काळ्या पट्ट्या, मधी बारकं भुरकट चित्र... पण आबा! काटकुळे, फेट्यासकट, वणांसकट!

आई खुर्ची ओढत पार टीव्हीपाशी. आबा म्हणाले, 'माझं काय घेतोस...' आणि आई त्यांना म्हणते, "असू द्या हो, घेऊ द्या त्याला." अकरा वर्षांनी बोलली हो त्यांच्याशी! मी रिमोट धरून भिंतीकडं तोंड करून उभा.

पण आता ती सेटिंग बदलू देईना! "हात लावू नगंस, परत फुगतील ते!" बातम्या चार बाय तीन, क्रिकेट चार बाय तीन, सगळ्या जगाला दोन पट्ट्यांत दाबून बसवलंय! परवा शेजारचे मृत्युंजयकाका मॅच बघायला आले. म्हणाले, "हणमंता, पोरं लई वाळली की रं! जेवायला घालत न्हाईत का ह्यांस्नी?"

म्हटलं, "काका, बसा गप. ह्या घरात आता आबांच्या मापात बसंल, तोच खेळंल!"