चष्मेवाल्यांना पडलेलं मत

मतदानाच्या रांगेत माझ्यामागे एक म्हातारे शिंपी होते आणि त्यांच्यामागे पिशवी घेतलेल्या एक बाई.

"निकाल काय लागणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, ताई. तीस वर्षं एकच पक्ष!"

"तरी उन्हात आलातच ना, काका?"

"मला भलतीच उत्सुकता आहे. गेल्या खेपेला विरोधात एकटे आपले चष्मेवाले उभे होते. या केंद्रावर त्यांना मतं किती पडली, माहितेय?"

"एक."

"बरोबर! ते त्यांचं स्वतःचं असणार. मग बायकोचं गेलं कुठे? तीही इथलीच मतदार."

"तिनं त्यांनाच दिलं होतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच त्यांची बायको."

"अरे देवा! माफ करा, वहिनी. म्हणजे चष्मेवाल्यांनीच स्वतःला..."

"ते म्हणतात, ते मत त्यांचं. मी म्हणते, माझं. पाच वर्षं घरात हेच चाललंय."

"आज पुन्हा उभे आहेत ना ते?"

"आहेत की. सकाळीच मत देऊन आलेत."

"मग या खेपेला माझंही मत चष्मेवाल्यांनाच, वहिनी. शब्द देतो."

"नको हो, काका! दोन पडली, तर दुसरं कुणाचं ते मला कसं कळणार?"