पिल्लं झाल्यावरच जाळी काढायची

आमचं गाव तुमसरच्या बाजूले, घरी धानाची शेती, अन् लगन होऊन मी भिलाईले आली तेव्हा आमचे हे प्लांटमंदी कोक ओव्हनले होते, सेक्टरमंदी क्वार्टर भेटलं होतं, अन् काय सांगू ताई तुमाले, मी वर्षभर रडली. शेजारी कोणी तेलुगू, कोणी बिहारी, बोलाव कोणाशी? हे ड्यूटीवर गेले का मी खिडकीत उभी राहो अन् गाडीची शिटी वाजली का म्हणो, गोंदियाकडं जात असंन. प्रवीण झाला, आमचा पोरगा, तेव्हा कुठं रडणं थांबलं. आता हे मी कावून सांगून राहिली, तुम्ही तं कबुतराचं विचारलं होतं.

तं रिटायर झाल्यावर याईनं इथं रुआबांध्याले दोन खोल्या बांधल्या, वरती गच्ची, अन् घराचा रंग वाळत नाई तं याईले लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं, बोलणं बंद. प्रवीण पुण्याले नोकरीवर, आला, आठ दिवस राह्यला, गेला, त्याची बी नोकरी हाय. समोर बिसाहिन राहाये, इथलीच, छत्तीसगढी, थे म्हणे, परेवा के रसा पिया दीदी, गरम रहिथे. परेवा म्हणजे कबूतर. आमच्याकडं बी लकव्याले कबुतराचा रस्साच सांगते. मी म्हणलं, रोज बाजारात कोण धावंन याईले एकटं टाकून, घरीच पाळू. बाजारातून एक जोडी आणली.

अन् इथं माह्यं शहाणपण पाहा. आमच्या गावी नवी कोंबडी आणली का तिले चुलीभोवती फिरवते, म्हणजे थे घर सोडत नाई. मी म्हणलं पाखरू ते पाखरू. पण चूल कुठं हाय इथं? गॅस ओट्यावर, भिंतीले लागून. मंग मी सिलिंडर ओढत खोलीच्या मधात आणला अन् दोन्ही हातात दोन कबुतरं धरून त्याच्याभोवती फिरली, इथंच राहा बावा, इथंच राहा, असं म्हणत. हे खाटेवरून पाहून राहिले होते. अन् ताई, हे हासले. वाकड्या तोंडानं, लाळ गळून राहिली, पण हासले, लकवा झाल्यापासून पह्यल्यांदा. मी बी हासली, अन् हासता हासता रडली. सकाळी दाणे टाकाले खोका उघडला तं दोन्ही भुर्रकन उडाले, ज्याच्याकडून आणले त्याच्या घरी गेले असतीन.

बिसाहिन पोट धरून हासे. ए कुकरी नोहय दीदी, म्हणे. कोंबडी नाई हे. मोठं कबूतर आणलं का त्याले कोंडून ठेवा लागते, जाळीच्या आत दाणा द्यायचा, पाणी द्यायचं, इथं त्यानं अंडे द्यायचे, पिल्लं झाले का मंगच जाळी काढायची, मंग थे कुठं जात नाई. मी म्हणलं, बाई, माह्यं बी तसंच झालं होतं.

दुसरी जोडी आणली, लाकडी पेट्याईले जाळी ठोकली, अन् तसंच केलं. जाळी काढली, तं थे गच्चीभोवती एक चक्कर मारून पिल्लाईजवळ आले. अंड्यावर दिवसा नर बसते अन् रात्री मादी. मी याईले सांगो, तुमच्या प्लांटवाणी शिफ्ट हाय यांची. पिल्लू महिन्याचं होत आलं का अंगानं मायबापाएवढं होते, पण उडत नाई, तेव्हाच कापा लागते, एकदा उडालं का मास चिवट होते. पह्यलं बिसाहिननं कापलं, मी तिकडं तोंड करून उभी. मंग शिकली, याईच्यासाठी काय नाई शिकली मी. अद्रक, काळी मिरी, पातळ रस्सा. सा महिन्यानं तोंड सरळ झालं, माह्यं नाव घ्याले लागले. रस्स्यानं झालं का गोळ्याईनं झालं का मालिशनं, मले नाई माहीत. पाच वर्षं मले भेटले वरचे.

हे गेले त्याच्यानंतर एकदा मी पिल्लू शिजवलं. दोन वाट्या काढल्या, हाताले सवय. मंग मी नाई खाल्लं कधी. पण पिल्लू न्याले लोकं येते, कोणाचा बाप, कोणाची सासू, लकव्याचं माणूस घरी असते. मी म्हणतो बसा, चहा ठेवतो. थे म्हणते नाई आजी, गडबड हाय, अन् पिशवी घेऊन उभ्या उभ्या जाते. बिसाहिन बी लेकीकडं गेली राहाले. कधी कधी पूर्ण दिवस माह्या तोंडातून नुसतं आ, आ निघते, कबुतराईले बोलावतो तेवढंच.

आता प्रवीण म्हणे, आई, घर बेच देते हैं, अकेली काय करून राहिली तू तिथं. मी म्हणलं, कबुतरं आणू का? तं म्हणे, इथं गॅलरीले जाळी लावली हाय, कबुतरं येऊ नाई म्हणून. बरं बावा. त्यानं तिकीट काढलं. इथं जवळच्या कुम्हारीचा एक माणूस मोटरसायकलवर टोपले बांधून सगळे घेऊन गेला, मोठे बी, पिल्लं बी. मी त्याले दहादा सांगतलं, कोंडून ठेव. त्यानं तिसऱ्याच दिवशी उघडलं. मी आपली साड्या बांधून राहिली होती, तं वरती फडफड. जाऊन पाह्यलं तं मोठे सगळे कठड्यावर, रिकाम्या पेट्याईकडं पाहून राहिले. पिल्लं नाई आले. जे इथून कधी उडालेच नाई, त्याईले इथली वाट कशी माहीत असंन? थे कुम्हारीचेच झाले.

आमचा प्रवीण दहावी झाल्याबरोबर होस्टेलवर गेला, मिशा नोत्या फुटल्या. त्याले मी कावून दोष देऊ? त्याचं घर तिथं झालं, सुखात राहो माह्यं लेकरू. मी म्हणलं, तिकीट रद्द कर, मी नाई येत. तो म्हणे, कबुतराईसाठी, आई? मी म्हणलं, हो, कबुतराईसाठीच.

चहा थंडा झाला ना तुमचा? पिशवी नीट धरा, मोठे परत आल्यावर झालेलं पिल्लू हाय, गरम असते. तुमच्या बाबाले लवकर बरं वाटो. अन् येत जा ताई, कबूतर न्यायचं नसलं तरी.