हरभऱ्यातली ज्वारी

संग्रामपूरच्या कृषी केंद्रासमोर रांगेत माझ्या पुढे दोघं शेतकरी उभे होते.

“रज्जाकभाई, हरभऱ्यावरच्या अळीनं तिसरी फवारणी करायले लावली राजा. तुमची कितवी?”

“एकही नाही, उकंडराव. मी त गव्हाले युरिया न्यायले आलो.”

“आपले वावरं लागूनच, मधला धुरा एकच. मंग तुमच्याकडं अळी काऊन नाही?”

“पेरतानी हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकतो. ज्वारीच्या धांड्यावर पाखरं बसतेत अन् खालच्या अळ्या टिपतेत.”

“अन् कणसं?”

“थे त्यायचेच.”

“मी त पाखरं पीक खातीन म्हणून दिवसभर डबा वाजवतो!”

“हाव, आयकू येते. तुमचा डबा वाजला का सारी पाखरं माह्या धांड्यावर येऊन बसतेत. वाजवत राहा, भाऊ.”