जिभेखालची सात मिनिटं

“गोळी विरघळेपर्यंत सलामालासुद्धा उत्तर देऊ नकोस.” अकरा वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकलं, तेव्हा वाटलं, ही बाई माझ्या नवऱ्याला उद्धट करणार.

सन्माननीय अध्यक्ष, मंचावरचे डॉक्टर, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मिसी रुगायाह (नर्सला आम्ही मिसीच म्हणतो) आणि धक्क्यावरून थेट इथे आलेल्या बंधुभगिनींनो,

माझा नवरा जुसोह तेव्हा हेरॉइन सोडत होता. रोज सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून गोळी जिभेखाली ठेवायचा आणि दुपारी पुन्हा घामानं भिजून थरथरायचा. लोक म्हणाले, गोळी तोंडात लपवून बाहेर विकतोय. दवाखान्याच्या यादीतून त्याचं नाव कापायचं ठरलंच होतं. मिसी म्हणाल्या, “एक सकाळ मला द्या.” आणि त्याच्यासमोर बसून राहिल्या.

बाक होता धक्क्याच्या वाटेवर. येणारा-जाणारा सलाम करणार, आणि चांगल्या घरचा जुसोह प्रत्येकाला पूर्ण उत्तर देणार! गोळी लाळेबरोबर पोटात. पोटात गेली की जवळजवळ वायाच.

“अरे, तू चोर नाहीस रे, नुसता सभ्य आहेस!” मिसी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

बाक दवाखान्याच्या मागे गेला, समुद्राकडे तोंड करून. गोळी विरघळेपर्यंत, सात मिनिटं, बाकावरच्या कुणीही बोलायचं नाही. त्या गप्प पाठी मी लांबून पाहायचे. पाणी हळूहळू मागे सरकायचं, आणि वाटायचं, या माणसांच्या आतही काहीतरी असंच दूर दूर चाललंय.

एकदा जुसोहनं विचारलं, “मिसी, हीच सुईतून घेतली तर?”

“घेऊन बघ! एका गोळीत दोघं राहतात, बाबा, दोन औषधं. एक तुझी तलफ निववतो. दुसरा जिभेखाली झोपून असतो. सुईत घातलंस की जागा होतो, आणि असा लोळवतो की आई आठवेल.”

जुसोह आजही गोळी घेतो. त्यात लाज कसली? पण मिसी जाणार म्हटल्यावर परवापासून तो दवाखान्यात गेलेला नाही. “गोळी विरघळली का, ते दुसऱ्या कुणापुढे जीभ उचलून दाखवणार नाही,” म्हणतो. आत्ता बाहेर मोटारसायकलवर बसलाय. पुन्हा तसाच घामानं भिजलाय.

आपण शांतपणे ऐकलंत, आभार. घरातलं चारचौघांत बोलले, ते पोटात घाला.

आणि मिसी, ‘औषध गोळीत आहे, माझ्यात नाही,’ असं म्हणून तुम्ही नकारच द्याल. तरी विचारते. सोमवारी सकाळी, एकदाच, गोळ्या देतात त्या खिडकीत, नव्या मिसींच्या शेजारी उभ्या राहाल?