अर्धी टीप

खडखड चाललेलं शिलाई मशीन मधेच थांबायचं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. कोपरगावात उस्मानभाई आणि मी, दोघे शिंपी, समोरासमोर. मैदानावर कबड्डीची शिट्टी वाजली की उस्मानभाई अर्धी टीप सोडून गळ्यातल्या टेपसकट पळायचे. गिऱ्हाईक त्यांच्या पायरीवर बसून राहायचं.

"इकडं या, लगेच शिवून देतो," मी म्हणायचो.

"नको तात्या. चाचा आले की मॅच सांगतील."

परत आले की उस्मानभाई मशीन आणि इस्त्रीच्या टेबलामधे चढाई करून दाखवायचे. माझी शिलाई सरळ, त्यांची वाकडी, तरी गर्दी तिकडेच. मी आतल्या आत जळायचो.

एकदा म्हणालो, "भाई, अशानं गिऱ्हाईक पळंल."

"पळून जाईल कुठं? तुमच्याकडंच ना? मग घरातच राहिलं की!"

मागच्या उन्हाळ्यात, नव्वदी गाठून ते गेले. जनाज्याला सगळं मैदान लोटलं. मी मनात म्हटलं, आता तरी गिऱ्हाईक माझं.

आलंही. गुडघे गेल्यामुळे मैदानावर जाता न येणारा म्हातारा नामदेव नातवाची खेळायची चड्डी शिवायला टाकून गेला. मी जीव ओतून शिवली. न्यायला आला, ती हातात घेतली आणि तिथंच उभा राहिला.

"का रे, टीप बघतोस?"

"टीप झकास हाय, तात्या. कालची मॅच कशी झाली?"

"कुठली मॅच?"

नामदेवने समोरच्या बंद शटरकडे पाहिलं, चड्डी काखेत धरली आणि निघून गेला.