डाव्या बाजूचा लाइट

नाही जी, मिस्त्री बाहेर नाही गेले, मिस्त्री म्हंजे मीच — हो, बोर्डावर चंद्रकुमार लिवलं आहे, ते माह्या नवऱ्याचं नाव, बोर्ड बदलाले सवड नाही भेटली. तुम्ही वरठीवरून आले न? तिथं कोणी सांगतलं असन का साकोलीत हायवेच्या कडंले एक दुकान आहे, जुन्या गाडीच्या लाइटचं काम तिथंच बराबर होते. सांगतलं न? मंग झालं. ते काम ह्याच हाताचं आहे. बाईचा हात आहे हे नसन सांगतलं, ते कोणीच सांगत नाही. बसा त्या स्टुलावर. थांबाचं नसन तं समोर दोन दुकानं आहेत, तिथं माणसं आहेत, पांढरे फक्क बल्ब लावून देतीन, सामनेवाल्याचे डोळे दिपतीन आन तुमाले रस्ता काही दिसणार नाही. जाता का? नाही न? मंग बोनट उघडा, आन गाडी थोडी आत घ्या, शेडमधी अंधार आहे, भिंतीवर फोकस दिसते.

आता पाहा — बॅटरीवर बारा व्होल्ट, चांगलं आहे. आन होल्डरवर? दहा. मधातले दोन कुठं गेले? तारेत गेले, गंजात गेले. लोक येते आन म्हणते, बल्ब बदला. बल्ब काय करीन बिचारा, त्याच्यापाशी करंट पोचूनच नाही राहिला तं. हे होल्डर पाहा, जळून काळं झालं. अर्थची तार तं हातातच आली. काचा पिवळ्या पडल्या ते वेगळं, त्या घासून देते मी. किती वर्षांची आहे गाडी — बावीस? चांगली ठेवली तुम्ही. अहं, बल्बच्या काचेले बोट नका लावू, बोटाचं तेल लागलं का तिथूनच फुटते तो. कुठं शिकली म्हणता? सगळेच विचारते. माह्या नवऱ्याले कोणी विचारलं नाही कधी का कुठं शिकला. माहा बाप विणकर होता, मोहाडीकडं, कोशाच्या रेशमाचं लुगडं विणे. धागा तुटला का मले बलावे — कौशल्या, ये, गाठ मार. अशी गाठ का बोट फिरवलं तं लागू नये. ज्याले कोशाचा धागा जोडता येते त्याले तार कोणती मोठी गोष्ट आहे जी?

लग्न होऊन आली तवा हे दुकान नवंच होतं. मी डबा घेऊन येत होती, मंग मीटर धरत होती, मंग एक दिवस तार जोडली, आन मंग रोजचंच झालं. पण सांगाचं नाही कोणाले. बाईनं हात लावला म्हटलं तं गिऱ्हाईक येईन का — असं मिस्त्री, माहा नवरा, म्हणत. गिऱ्हाईक आलं का मी मांगं, त्या पत्र्याच्या आड, मांडीवर वायरिंग घेऊन. काम चांगलं झालं तं मिस्त्रीचा हात. काम वापस आलं तं — हिनं हात लावला होता, म्हणून बिघडलं. पंधरा वर्षं जी. मारलं का? नाही, मारलं नाही कधी, खोटं कायले बोलू. माराची गरजच नव्हती, तोंड होतं न. एकदा आमच्या गावचा, एकोडीचा मंगरू ट्रॅक्टर घेऊन आला होता, आन त्याच दिवशी माहा भाऊ माहेरून आंबे घेऊन आला होता. ट्रॅक्टरचा हॉर्न वाजून नव्हता राहिला. मिस्त्रीनं टेस्टर माह्या पायापाशी फेकला आन दोघाईच्या समोर म्हणे, 'इले अर्थ कोणता आन करंट कोणता ते समजत नाही, आन मिस्त्रीण बनाले निघाली.' मी कधी म्हटलं होतं का मले मिस्त्रीण बनाचं आहे? मंगरू बिचारा खाली पाहे. माहा भाऊ हासला. मिस्त्रीचं बोलणं तं सवयीचं होतं, पण भाऊ हासला ते मले आजवर नाही विसरता आलं. आंबे तसेच सडले टोपल्यात, हात नाही लावला मी.

आमची एक जुनी व्हॅन होती, कोणाची गाडी रस्त्यात बंद पडली का तिकडं जाची. त्याच उन्हाळ्यात मिस्त्रीनं सुरू केलं — व्हॅनचा लाइट मंद आहे, डाव्या बाजूचं काही दिसत नाही. मी बल्ब बदलला. आठ दिवसानं पुन्हा तेच. होल्डर बदललं, दोन रिले बसवल्या, बॅटरीपासून नवी तार टाकली, नागपूरवरून रिफ्लेक्टर मागवले. दर बारी वापस — तुह्यानं होत नाही, काहून हात लावतं तू. आता सांगा, मी काय कराचं होतं? खराबी लाइटात नव्हती, त्यायच्या डोळ्यात होती. तो रोगच वाईट आहे जी. मोतीबिंदू नाही, काचबिंदू. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. कडंकडंनं नजर खात येते, आन मधातलं साफ दिसत राहते. ज्याले झालं त्यालेच समजत नाही, तं घरच्याले कसं समजीन? कोणालेच समजत नाही. हेच मी डॉक्टरले सांगतलं.

कधी समजलं म्हणता? गाडी ठोकली तवा. कार्तिक लागला होता, धान कापणं सुरू होतं. दिघोरीवरून फोन आला, मळणी मशीनचा सेल्फ लागून नाही राहिला, या. मिस्त्री निघाले. पुरा अंधार बी नव्हता पडला, तरी लाइट लावले होते त्यायनं. दिघोरीच्या अलीकडं चार बाया धान कापून घराकडं जाऊन राहिल्या होत्या, रस्त्याच्या डाव्या कडंनं, एकामांगं एक. आवाज आयकून तिघींनी धानाच्या बांधीत उडी टाकली. चवथीच्या डोक्यावर गवताचा भारा होता, तिले मान वळवता नाही आली. सीताबाई नाव तिचं. पन्नाशीची बाई. डावा पाय गुडघ्याच्या खालून कापा लागला.

ठाण्यात गेल्यावर मिस्त्रीनं सगळ्यात पह्यले काय सांगतलं? 'साहेब, लाइट माह्या बायकोनं लावले.' पाहा न. पंधरा वर्षांत चार लोकाईच्या समोर पह्यल्यांदा कबूल केलं का पुरं काम माहं आहे, आन कबूल कुठं केलं तं ठाण्यात. मंग गाडी तपासाले आरटीओचे एक साहेब आले. त्यायनं मीटर लावलं, भिंतीवर फोकस पाडला, मांगं सरकून पाहिलं, पुन्हा पुढं येऊन पाहिलं. म्हणे, एवढ्या जुन्या गाडीत इतका साफ लाइट मी नाही पाहिला, कोणी केला? मी म्हटलं, मी केला. त्यायनं मान हालवली — अशी, जशी माणूस माणसासाठी हालवते. आन खोटं नाही सांगत जी, तिकडं एका बाईचा पाय गेला होता, आन मले तिथं उभ्या-उभ्या बरं वाटलं. घडीभरच. पण वाटलं.

मंग लाइट चांगले, ब्रेक चांगले, दारू पेले नव्हते, तं गलती कोणाची? साहेबच म्हणे, ह्यायचे डोळे दाखवा. भंडाऱ्याले नेलं. डॉक्टरीण होती, तिनं मशीनवर हनुवटी ठेवाले लावली, ठिपका दिसला का बटन दाबा म्हणे. मिस्त्री बटन दाबतच नव्हते. मी मांगं बसून पाहून राहिली होती, ठिपके येत होते आन जात होते. बाई म्हणे, बरंच गेलं, गेलं ते वापस येत नाही, सहा महिन्याआधी आणलं असतं तं बहुत काही वाचलं असतं. आन माह्याकडं वळून म्हणे, तुम्ही दिवसभर संगं राहता, तुमच्या काहीच ध्यानात नाही आलं? मी म्हटलं, नाही जी मॅडम, आमाले काय समजते.

आता तुम्हीच सांगा, कसं ध्यानात येईन? चहा कपाच्या बाहेर पडे, म्हटलं ध्यान नसन. डावा खांदा दाराले लागे, म्हटलं घाई असन. पाना डाव्या हातापाशी ठेवला का मले शिव्या, कुठं लपवला म्हणून. आन आषाढातल्या आखाडीच्या दिवशी तं — घरी तेलाची कढई चढवून आली होती मी, सासूले म्हटलं पाहा जरा, अध्ध्या तासात येते — त्या दिवशी व्हॅन इथंच उभी होती, ह्या भिंतीसमोर, पंचवीस फुटावर. मिस्त्री आत बसले होते, मी समोर. म्हणे, डाव्या बाजूचा बंद आहे. मी पाहिलं. दोन्ही जळून राहिले होते. भिंतीवर दोन गोल, एकसारखे. मी म्हटलं, बंद आहे? म्हणे, आंधळी आहे का? बंद आहे म्हणून राहिलो न. तवा मी त्यायच्या डाव्या बाजूले सरकली आन हात वर केला. हात हालवला, असा, कोणाले बलावल्यासारखा. त्यायले नाही दिसला. मंग मी बल्ब काढला, फडक्यानं पुसला, आन तोच बल्ब वापस लावला. म्हटलं, आता? ते उतरून आले, मान वळवून जवळून पाहिलं. म्हणे, आता बराबर आहे, आधीच नीट लावाले काय झालं होतं तुले?

काय म्हटलं तुम्ही?

हो. आखाडी आधी. आखाडी आधी येते, धान मांगून कापते. चार महिने होते. मोजले तुम्ही? मी बी मोजले आहेत, जी.

सांगाचं होतं मले. नव्हतं सांगाचं असं नाही. रोज सकाळी डबा बांधताना म्हणत होती, आज सांगीन, का तुमच्या डोळ्यात काही तरी आहे, दवाखान्यात चला. आन मंग दुकानात आलं का गिऱ्हाईकासमोर काही तरी निघे त्यायच्या तोंडून, आन मी म्हणे — राहू द्या. दर आठ-दहा दिवसानं तोच बल्ब काढाचा, पुसाचा, तोच लावाचा. शिव्या खाची मी, आन मनात हासाची. कसं सांगू तुमाले — पंधरा वर्षांत पह्यल्यांदा मले एक गोष्ट मालूम होती जे त्यायले मालूम नव्हती. त्यायच्या पुढ्यात उभी राहून खोटं काम कराची आन त्यायनं म्हणाचं, आता बराबर. एवढंच होतं माह्यापाशी. कोणाचा जीव जावा, पाय जावा, असं तं सपनात बी नव्हतं. म्हटलं, एक दिवस कुठं तरी खांबाले लावतीन गाडी, बाजाराच्या दिवशी, भर लोकात, आन लोक हासतीन. जसा माहा भाऊ हासला. बस, एवढंच वाटे. रस्त्यानं बाया बी चालते हे माह्या डोक्यात नाही आलं. मी बी बाईच, पण नाही आलं.

दिघोरीले गेली मी मंग, एकदाच. सीताबाई खाटेवर होती, पायावर चादर. सून आंगणात धान पाखडून राहिली होती. मले वाटलं होतं आता ही शिव्या देईन, सून सूप फेकून मारीन, गाव जमा होईन. तशी तयारीनंच गेली होती मी. तिनं सुनेले चहा मांडाले लावला. मी रडाले लागली तं माहा हात धरला आन म्हणे, 'तू कायले रडतं, बाई? त्याले दिसतच नव्हतं तं त्याचा कोणता दोष? आन कोणाले मालूम होतं?'

मी कप धरून बसली. चहावर साय आली. तोंडाशी आलं होतं जी, का मले मालूम होतं. एक शब्द. सून दारात उभी होती, तिच्या कडंवर लेकरू होतं, ते माह्याकडं पाहे. कप तसाच खाली ठेवला. उठली, पाया पडली — तिच्या पाया पडताना मी कुठं हात लावू हे बी समजलं नाही मले — आन निघून आली. मंग नाही गेली. केस चालूच आहे. तारखेवर मिस्त्रीले मीच नेते, हात धरून. वकील म्हणते, घरच्याले बी कल्पना नव्हती असं सांगा, आन मी सांगते.

आता ते एकोडीले घरीच असते. नळीतून पाहाल्यासारखं दिसते, तेही कमी होऊन राहिलं. सकाळ-संध्याकाळ थेंब मीच टाकते डोळ्यात. बाजाराच्या दिवशी संगं आणते, तिथं बाकड्यावर बसते. तोंड? तोंड गेलं जी त्यायचं, डोळ्यासंगंच गेलं. आता कोणी बी गिऱ्हाईक आलं का त्याले सांगते, 'माह्या बायकोसारखा हात पुऱ्या जिल्ह्यात नाही. ती मले सांगे का लाइट चांगले आहेत, तुमचे डोळे दाखवा, मीच नाही ऐकलं.' समजलं का तुमाले? मी कधीच नाही सांगतलं तसं. त्यायनं मनानंच बनवलं ते, आन आता तेच खरं मानते. मंगरूले बी सांगतलं. माह्या भावाले फोन करून सांगतलं. भाऊ म्हणे, ताई, तू धन्य आहे. मी ज्या शब्दासाठी पंधरा वर्षं पत्र्याच्या आड बसली तो आता दर बाजाराले भेटते मले, आन दर बाजाराले मी मान खाली घालून बल्ब पुसत राहते. एकदा म्हटलं, नका म्हणू तसं. तं म्हणे, तुह्या मनाचा मोठेपणा आहे.

चला, बसा गाडीत, लावा लाइट. डिपर. आता अप्पर. होल्डरवर पाहा, बाराच्या जवळ आलं. उजव्या बाजूचा थोडा वर आहे, थांबा, स्क्रू फिरवते... हा. आता बंद करा. काचा सहा महिन्यानं पुन्हा पिवळ्या पडतीन, तवा या, नाही तं नका येऊ.

काय म्हटलं? सीताबाईले कधी सांगीन?

तुम्ही लाइट कराले आले होते न जी? लाइट झाले. गाडी मांगं घ्या, बाहेर ट्रॅक्टर उभा आहे.